माझं तोंड मी पुसेन

मंदारचा फोन आला तेव्हा मी नाइट ड्युटीवरून येऊन चहा टाकत होते. "रुक्साना, आई गेली गं," तो म्हणाला. "तिला शेवटची अंघोळ घालायला येशील? रूपालीला एकटीला नाही जमणार." मी हो म्हटलं, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. त्याच्या आईच्या, विजूताईंच्या अंगाला पाणी लावायचं धाडस मी एकदाच केलं होतं आणि त्यापायी पंधरा दिवस त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

मी रत्नागिरीची, अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका हॉस्पिटलात नर्स. नॉर्वेला नोकरीसाठी जायचं माझ्या डोक्यात होतं आणि त्यासाठी तिकडची भाषा हवी होती. विजूताई पुण्याच्या. नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीमुळे बारा वर्षं नॉर्वेतल्या बर्गनला राहिलेल्या, तो गेल्यावर इथे मुलाकडे, मंदारकडे आलेल्या. फीचं विचारलं तर म्हणाल्या, "बर्गनने मला मासे खायला शिकवलं, तू रांधायला शिकव. खलास!" पहिला धडा त्यांनी चक्क न्हाणीघरात घेतला. बेसिनसमोर उभं केलं आणि हातात निळा नॅपकिन दिला. "इंग्रजीत नुसतं 'शी वॉशेस' म्हणून भागतं. नॉर्वेजियनमध्ये म्हणायचं 'हुन वास्कर सॅइ', ती स्वतःला धुते. ते 'सॅइ' गिळलंस तर समोरचा विचारेल, धुते ते काय, भांडी?" मग कळलं की तिकडे माणूस स्वतःला बसवतो, स्वतःला निजवतो, एखाद्या गोष्टीची आनंदाने वाट बघायची तर स्वतःलाच आनंदवतो. मी चिडवायची, "काय हो ताई, या लोकांना घरचं कोणी नाही वाटतं! सगळं आपलं आपणच?" त्या हसायच्या. "आहेत गं. पण आपल्याकडे बघ, एक अंघोळ करायची असते आणि एक घालायची. करण्यातून घालण्यात गेलं की माणूस म्हातारं झालं." बर्गनच्या वृद्धाश्रमात त्या मदतीला जात. तिथली नर्स नव्वदीच्या बाईच्या हातात ओला नॅपकिन द्यायची आणि नुसती उभी राहायची. "ती उभी राहणारी नर्स तुला व्हायचंय," असं त्या मला दर धड्याला बजावायच्या.

मग त्यांना पार्किन्सन झाला. हात इतके थरथरायचे की चमच्यातली आमटी कपड्यांवर जायची, पण सकाळी तोंड धुवायला बाईसाहेब स्वतः. वीस-वीस मिनिटं लागायची. मंदारला लांब शारजात, हमरिया फ्री झोनला कामावर पोचायचं असायचं, त्याच्या बायकोला, रूपालीला ऑफिस, आणि नात इरा बाहेरून ओरडायची, "आजी, जस्ट लेट मम्मा डू इट ना!" एकदा मंदार मला म्हणाला, "तू नर्स आहेस, तुझं ऐकेल ती. समजाव." मी समजावलं कसलं! "यल्ला, चला ताई, पुरे आता हा हट्ट," म्हणत त्यांच्या हातातून नॅपकिन घेतला आणि दहा सेकंदांत तोंड पुसून मोकळी झाले. वॉर्डात रोज चौदा जणांची पुसते, हात बसलेला. शिवाय म्हाताऱ्या माणसाची सेवा, त्यात काय वाईट? विजूताई आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

पंधराव्या दिवशी बांगड्याचं तिखलं घेऊन मी दारात हजर. "चुकले ताई," म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी असेल, नेहमीसारखं." म्हणजे माफ केलं होतं! त्या दिवशी मी मंदारला तोंडावर सांगितलं, "घाई ताईंना नाही, तुला आहे. तू नीघ, मी बसते." तेव्हापासून ड्युटी संपली की मी थेट तिकडे जाऊन ओला नॅपकिन त्यांच्या हातात द्यायचे आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर बसायचे. पाणी गार व्हायचं, मी बदलायचे. डोळे मिटायला लागायचे, पण हात मांडीवरून हलवायचे नाहीत. खरं सांगते, पेशंटला भराभर आवरणं सोपं, असं बसून राहणं फार कठीण. शेवटच्या सकाळी त्यांचा हात वर जाईना. मी कोपराखाली फक्त तळवा धरला. कपाळ झालं, डावा गाल झाला... उजव्यापर्यंत हात पोचलाच नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या करेन." त्याच दुपारी त्यांना ॲडमिट केलं, आणि तो उद्या आलाच नाही.

मंदारचा फोन आला त्या दिवशी हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत रूपाली पाणी घालत होती. तिने घरून तोच निळा नॅपकिन आणला होता. मी तो भिजवला, पिळला आणि सवयीने विजूताईंच्या हातात ठेवला. ठेवला आणि थांबले. किती वेळ गेला कोण जाणे... रूपालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रुक्साना, आता तू पूस." मग मी त्यांचा उजवा गाल पुसला.

नॅपकिन रूपालीने मलाच दिला. माझी नॉर्वेजियनची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, पास होईन न होईन, इन्शाल्ला. नॅपकिन माझ्या बेसिनशेजारी टांगलाय. रोज ड्युटीला निघताना त्यानेच तोंड पुसते, पण उजवा गाल आला की हात थांबतो.