दुसऱ्यांदा घासलेलं फाटक

ओझरच्या कारखान्यात माझ्या यजमानांची सगळी नोकरी रंगकामाच्या विभागात गेली. निवृत्तीनंतरही आमच्या सिडकोतल्या घराला ते बाहेरच्या रंगाऱ्याचा हात लागू देत नसत. "रंग कुणीही मारतं गं, खरं काम त्याच्या आधीचं," असं म्हणायचे.

त्या दिवाळीआधी त्यांनी लोखंडी फाटक हाती घेतलं. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, सुटलेला रंग खरवडायच्या पत्रीनं काढला, पॉलिश पेपर मारला, टर्पेंटाईनच्या फडक्यानं पुसून संध्याकाळपर्यंत तांबड्या प्रायमरचा हात दिला. "उद्या वाळलं की रंग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तर ते फाटकापाशी उकिडवे बसून घासत होते. पायाशी तांबडी भुकटी साचली होती.

"अहो, हे काय? कालच प्रायमर लावलात ना?"

"किती गंज चढलाय बघ. कुणी हातच लावलेला नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा मी यातलं काही बोलले नाही. थकले असतील, उन्हात बसले होते, अशी स्वतःचीच समजूत घातली. पण मग त्यांनी झोपायच्या खोलीचं दार घासायला घेतलं. त्याचा रंग चांगला होता. तो निघाला, खाली भरलेली लांबीची पुट्टी निघाली, लाकूड दिसलं, तरी हात थांबेना. दाराची कड इतकी झिजली की कडी बसेना. जेवायला हाक मारली, तर त्यांनी मान वर करून अगदी अदबीनं सांगितलं, "बाई, मालकांना म्हणावं, आज होणार नाही."

मी हातातलं ताट खाली ठेवून मुलाला फोन लावला.

मुलगा त्याच रात्री निघून आला. डॉक्टरांनी डोक्याची तपासणी केली, आजाराचं नाव सांगितलं. "गोळ्यांनी बरं होणार नाही, वेग जरा कमी होईल," म्हणाले. घरी आल्यावर मुलानं ब्रश, पत्र्या, पेपर, सगळं गोळा करून गाडीच्या डिकीत टाकलं.

तो पुण्याला परत गेल्यावर दोन-चार दिवस शांततेत गेले. ते खुर्चीत बसून राहत, विचारलं तेवढंच बोलत. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरच्या खोलीतून घासल्याचा आवाज आला. एकसारखा, सावकाश.

ते भिंतीपाशी उभे होते. हातात काही नव्हतं. उघड्या बोटांनीच घासत होते, आणि भिंतीवर लाल ओघळ उमटला होता.

मी त्यांचा हात पदरात गुंडाळून घट्ट धरला. त्यांनी सोडवायची धडपड केली नाही.

"अजून तयार नाही," ते म्हणाले.

"काय तयार नाही?"

त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली, छताकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे, घासायला घेण्याआधी फाटकाकडे पाहायचे तसं.