कुणी न नेलेली पुस्तकं

अंबरनाथला ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात कुळगावचे एक ग्रंथपाल माझ्या शेजारी बसले होते. समोरच्या कोऱ्या वहीवरूनही ते धूळ पुसल्यासारखा तळहात फिरवत.

"पाच वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं रद्द करा," प्रशिक्षकांनी सांगितलं.

ते हळूच मला म्हणाले, "मॅडम, तसली पुस्तकं मी स्वतःच्या नावावर घरी नेतो. मग ती रद्दच्या यादीत येत नाहीत."

"वाचता सगळी?"

"सगळी कुठली? पण माणसाचा हात तरी लागतो."

काल ग्रंथपालांच्या ग्रुपवर त्यांच्या निवृत्तीची बातमी आली. सगळ्यांनी फुलांची चित्रं टाकली.

आज मी रजा टाकून कुळगावला गेले, त्यांच्या वाचनालयाची सभासद झाले.

"कोणतं पुस्तक देऊ?" नव्या ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"कुणीच नेत नाही ते."