दारातले निवडुंग

भर पावसात स्वतः भिजत, छत्री मात्र निवडुंगावर धरून उभी असलेली बाई तुम्ही कधी पाहिलीय? आमच्या बॉथेलच्या गल्लीत मी ती हिवाळाभर पाहायचे. "पुरे रे बाबा, पुरे!" काकू आभाळाला दटावायच्या. आणि या काकू मूळच्या जतच्या, म्हणजे जन्मभर पावसाची वाट पाहिलेल्या!

शेजारच्या मंदारची ही आई. मंदार इथे नोकरीच्या व्हिसावर. काकू अधूनमधून यायच्या आणि सरकार राहू देईल तेवढे महिने राहायच्या. दारात खडी आणि दगड रचून त्यांनी उंचवटा केला होता, त्यात बर्फालाही दाद न देणारे निवडुंग लावले होते. थंडीत ते सुरकुतून आडवे व्हायचे. मी हळहळले की म्हणायच्या, "मेला नाही गं. अंगातलं पाणी कमी करून बसलाय, नाहीतर गोठून फुटेल. याला थंडी नाही मारत, ओल मारते."

दिवाळीच्या फराळाला आलेल्या एका मावशींनी नाक मुरडलं. "दारात काटे नसावेत. घरात कटकटी होतात."

"आमच्याकडे कुंपणंच याची," काकू हसल्या. "मग अख्खा गाव भांडूनच मेला असता!"

पुढे मंदारच्या ऑफिसात लेऑफ सुरू झाले. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक. मंदारची गाडी जरा लवकर आली तरी काकू लाटणं टाकून खिडकीशी धावायच्या. "टेन्शन घेऊ नकोस, आई. माझी टीम सेफ आहे," तो म्हणायचा. तो आत गेला की मला हळूच विचारायच्या, "चेहरा उतरलेला वाटला का गं?" माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातही तेच चाललं होतं, आणि मीही तशीच खिडकीशी धावत होते.

एका सकाळी पाहते तो काकू सांडशीनं एकेक निवडुंग उपटून खोक्यात ठेवतायत.

"काकू, हे काय? एवढ्या पावसात?"

"मागच्या अंगणात लावते."

"तिथे तर सगळा चिखल आहे! आणि तुम्ही तर हे काट्याबिट्याचं मानत नाही ना?"

"मी नाहीच मानत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पण नोकरी माझी नाही ना गं."

मला हसूही येईना. मी खोक्याचं दुसरं टोक धरलं.

मागच्या अंगणात ते सगळे कुजले. आणि मंदारची नोकरी गेली ती गेलीच.

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत भरताना मंदारचं लक्ष गेलं. "आई, तुझे कॅक्टस कुठे गेले?"

"पावसानं कुजले रे. तुमच्या या गावात पाऊसच फार."

एवढं बोलून त्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हातातली बॅग गाडीत ठेवली. गाडी वळणाआड गेल्यावर मात्र तिथेच, रस्त्यात उभी राहून रडले.

त्या उंचवट्यावर आता एकही काटा नाही. घरात दुसरी माणसं राहतात.