एका रांजणात दोन बिऱ्हाडं

कुणाच्याही घरी गेले की डासमास्तर आधी माणसांची नव्हे, रांजणाची विचारपूस करीत. झाकण काढायचं, मुंडकं आत घालायचं आणि तिथूनच घुमत्या आवाजात म्हणायचं, "या, या, बघा काय मजा चाललीय." घरचे बिचारे चहाचं आधण ठेवून वाट बघत बसत.

सोलापुरात आम्ही एकाच शाळेत मास्तर. ते शास्त्राचे, मी गणिताचा, आणि घरं भिंतीला भिंत लागून. त्यांनी परसात मडकी मांडली होती. शेजारच्या विणकरांकडचं खळीचं उरलेलं पाणी आणून ते त्यांत ओतीत. "एकाच मडक्यात दोन जातींच्या डासांची बिऱ्हाडं आहेत," मला हाताला धरून ते सांगत. "एक बाई सगळी अंडी चिकटवून पाण्यावर होडी सोडते. दुसरी धोरणी. पाण्याच्या वर, ओल्या कडेला एकेक दाणा ठेवते. का, ते सांगा." मला सांगता येत नसे, आणि खरं तर त्यांनाही. त्यापायी त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

त्यातच त्यांच्या शकूला हाडं फोडणारा ताप आला. पोर उठली, पण वहिनींचा धीर सुटला. त्यांनी सगळी मडकी ओतून उन्हात पालथी घातली आणि बजावलं, परसात पुन्हा अळी दिसली तर शकूला घेऊन मी माळशिरसला माहेरी जाईन. मास्तर परसाकडं पाठ करून वह्या तपासत बसू लागले.

महिन्याभरानं वहिनींनीच त्यातल्या एका कोरड्या मडक्यात झाडांसाठी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. मास्तर धोतर सावरीत माझ्या दारात. "कडेची अंडी! उन्हात महिनाभर राहिली, पाणी लागलं नि फुटली. होडी पाण्याबरोबर जाते, ही जात नाहीत." मीही अनवाणीच धावलो. आत वहिनी ट्रंक भरत होत्या. मास्तर म्हणाले, "जाशील तिथंही रांजण असणारच. नुसतं ओतून भागत नाही, कड घासावी लागते." वहिनींनी ट्रंक तशीच सोडली. मग काथ्या घेऊन मडक्यापुढं बसल्या. "दावा, कुटं घासायचं ते."

मग मास्तर-वहिनींनी मिळून गल्लीतले सगळे रांजण घासायला लावले. त्या पावसाळ्यात आमच्याकडं तो ताप फिरकला नाही.

पुढं मास्तरांची बदली झाली. टांग्यात सामान चढलं, तेव्हा शेजारची विणकरीण नरसव्वा डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, आता आमचं रांजण कोन बगनार?" वहिनीच खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, एकदा घासून दावते."

टांगेवाला ओरडत राहिला. त्या दिवशीची गाडी चुकली आणि मला मास्तर आणखी एक दिवस मिळाले.