मामांचा माग

साखरपुड्यात सासऱ्यांचं मनगटी घड्याळ नाहीसं झालं. हात धुवायला मोरीवर त्यांच्यामागे मी उभा होतो, एवढ्या पुराव्यावर अख्ख्या भिंगारनं मला चोर ठरवलं. "आठ दिवसांत घड्याळ आणा, न्हाई तर सोयरीक मोडली," सासरे म्हणाले. पोरगी अशी की तिच्यासाठी मी भंडारदऱ्याचं धरण ओंजळीनं उपसलं असतं.

सातव्या दिवशी दुपारी लष्कराच्या हॉलमध्ये आम्हा सिव्हिलियन नोकरांना एक जुना मुका पिक्चर दाखवला. त्यातल्या हडकुळ्या हिरोवरही घड्याळचोरीचाच आळ. तो पुस्तक वाचून डिटेक्टिव्ह होतो आणि संशयिताच्या मागं इतका चिकटून चालतो, की त्याची टाच उचलली की याचा अंगठा तिथं. हॉल हसत होता. मी एकटा शिकत होतो.

माझा संशय नवरीच्या मामांवर. मोरीवर तेही होते. मामा विणकर, दंड उखळाएवढे. आठव्या दिवशी सकाळी भर बाजारात मी त्यांच्या मागं लागलो. ते थांबले, मी थांबलो. ते थुंकले, मीही थुंकलो. असा थेट त्यांच्या घरात शिरलो, तेव्हा ते गर्रकन वळले.

"काय पाहिजे, जावईबापू?"

"मामा, तुमचा माग काढतोय."

झालं. वाटणीच्या भांडणात त्यांचा सख्खा भाऊ घरातला एकुलता एक हातमाग काढून न्यायला महिनाभर टपला होता.

"त्यानं तुला फोडला व्हय? माझा माग काढतो?"

मागावरच्या लाकडी धोट्याचा पहिला तडाखा कपाळावर, दुसऱ्यानं दात घशात. मी हाताला आलेली फळी त्यांच्या नाकावर हाणली, तशी रक्ताची चिळकांडी अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर. पांढऱ्या काठाचं लुगडं लाल काठाचं झालं. मग त्यांनी मला सुतात गुंडाळून भिंतीवर चार वेळा आपटलं. सोळा म्हणायलाही माझी हरकत नाही.

तेवढ्यात दारात सासरे. सोयरीक जोडायला मामा लागतो तसा मोडायलाही लागतो, म्हणून साखरपुड्याचाच बांधलेला फेटा खुंटीवरून डोक्यावर चढवून ते मामांना न्यायला आलेले.

"दाजी, बाजूला व्हा," मामा म्हणाले, पण धोटा हातातून सुटला होता. सासरे आडवे. फेटा गडगडत, उलगडत माझ्यापर्यंत आला आणि त्याच्या आतल्या पदरातून घड्याळ बाहेर पडलं. हात धुताना भिजू नये म्हणून त्यांनीच तिथं खोचलेलं.

मी रक्ताळल्या बोटांनी चावी दिली. टिकटिक सुरू झाली.

"मग लग्न कधी धरायचं?" मी उरल्या दातांतून विचारलं.

सासरे टेंगूळ चोळत उठले. "धरू की. आधी मोरीवर जाऊन तोंड धुवा, जावईबापू," ते म्हणाले, "अन् घड्याळ इकडं द्या."