आठ नंबरचा पाय

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावाच्या खोलीतल्या काकांचा. ते माझ्या नात्यातले नाहीत. वडिलांचे गाववाले, एवढाच संबंध. पण माझ्या नावापुढे आज जी पदवी आहे, ती त्यांच्याशिवाय लागली नसती.

लालबागच्या एका चाळीत आमच्या गावाची खोली होती. कोकणातल्या बऱ्याच गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या, काही अजूनही आहेत. गावातला कोणी नोकरीसाठी मुंबईला आला की पहिली वळकटी तिथे टाकायची. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली ज्याची त्याची पेटी, आणि झोपायला जागा मिळेल तशी. ही खोली काका चालवायचे. ते परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होते. काकी, मुलगा आणि शेती गावाला. काका गणपतीला आणि शिमग्याला जायचे, बाकी वर्षभर खोलीत.

मी तालुक्याच्या शाळेतून बारावी होऊन आलो तेव्हा आमच्या घरात कोणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. वडील एसटी स्टँडवर हमाली करायचे. काका अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजात आले, रांगेत उभे राहिले, आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाले की मुलगा हुशार आहे, फक्त इंग्रजी हळू बोला. मला लाजल्यासारखं झालं होतं, पण बाई खरंच हळू बोलल्या. खोलीत त्यांनी मला खिडकीजवळचा कोपरा दिला. परीक्षेच्या दिवसांत टीव्हीवर चादर टाकून ठेवायचे. बाकीचे कुरकुरले की म्हणायचे, आपल्या खोलीतला पहिला ग्रॅज्युएट होतोय, जरा कळ काढा.

दर रविवारी ते मला घरी पत्र लिहायला बसवायचे. घरी फोन आला होता तरीही. आणि ते मालवणीत नाही, पुस्तकातल्या मराठीत लिहायचं. कारण वडिलांना वाचता येत नव्हतं, ते पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचे, आणि ओटीवर चार माणसं ऐकायला बसायची. "बापाशीची मान वर ऱ्हवाक होई," काका म्हणायचे. वडिलांची मान वर राहिली पाहिजे. मला आज जे काही लिहिता येतं ते त्या रविवारांमुळे.

काकांना दुसरा एकच नाद होता, किल्ल्यांचा. महिन्यातून एकदा खोलीतल्या आणि चाळीतल्या पोरांना घेऊन ते कर्जत, कसारा, लोणावळ्याच्या बाजूला जायचे. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. माझ्या पदवीदानालाही ते त्याच बुटांत आले होते, आदल्या दिवशी धुऊन, वरून खडू घासून. किल्ल्यावर त्यांचा एक नियम होता. शेवटच्या टप्प्याला, जिथून देवीच्या ठाण्याकडे पायऱ्या सुरू होतात, तिथे पायताण काढायचं आणि पुढे अनवाणी जायचं. ऊन असो, चिखल असो. पोरं टिवल्याबावल्या करायची, पण बूट काढायची.

शिकून झाल्यावर मला पादत्राणं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. कचेरी लोअर परळला. मी खोली सोडून चिंचपोकळीला भाड्याने राहू लागलो, पण जाणं-येणं होतं. मधल्या काळात काका निवृत्त झाले आणि त्यांचं किल्ल्यांवर जाणं थांबलं. गुडघे धरतात म्हणाले. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

गेल्या पावसाळ्याच्या आधी आमच्या कंपनीने डोंगरात चालण्यासाठी एक हलका बूट काढायचं ठरवलं. चामडं जवळजवळ नाहीच. वरचा भाग जाळीच्या कापडाचा, म्हणजे आत हवा खेळेल, पाणी शिरलं तर तेवढ्याच लवकर निघून जाईल. सॅम्पल नेहमी आठ नंबरचं येतं. ते घालून प्रत्यक्ष डोंगरात चालून बघायचं, कुठे घासतं, कुठे तापतं, कुठे सरकतं ते टिपायचं, हे आमच्या विभागाचं काम. कचेरीतल्या तरुण पोरांनी ते बूट घालून बघितले होते, पण साहेबांना उतारवयातला, सवयीने डोंगर चालणारा माणूस हवा होता. माझ्या डोळ्यांसमोर काका आले. त्यांचा पाय आठ नंबरचा होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण त्यांचे जुने बूट आम्ही सगळ्यांनी वापरले होते.

आणखीही एक कारण होतं. चाळ पाडायची ठरली होती. दिवाळीनंतर खोली रिकामी करायची होती आणि काका कायमचे गावाला जाणार होते. जाण्याआधी त्यांनी एकदा किल्ला बघावा असं मला फार वाटत होतं.

बूट घेऊन खोलीवर गेलो. त्यांनी एक बूट तळहातावर ठेवला, वर-खाली केला, उजेडात धरून जाळीतून पलीकडे बघितलं.

"हे बूट आसत काय मोजे?"

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, काका, आता म्हातारपणी मॉडेलिंग. सगळे हसले. काका हसले नाहीत. बराच वेळ बूट मांडीवर घेऊन बसले. मग येतो म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. काका, मी, आणि आमच्या डिझाइन विभागातली एक मुलगी. ती दादरची, बोलण्यात चटपटीत, आणि तिने या बुटाचा साचा ठरवण्यात बरेच महिने घातले होते. कर्जतपर्यंत गाडीने, पुढे रिक्षाने पायथ्याचं गाव. ऑक्टोबरचं ऊन होतं, गवत पिवळं पडायला लागलं होतं, ओढ्यात मात्र अजून पाणी होतं. मी काकांच्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

चढ सुरू झाल्यावर तिने विचारायला सुरुवात केली. दर थोड्या अंतराने तेच प्रश्न विचारायचे, ही आमची पद्धत आहे.

"काका, पुढे बोटांना लागतंय?"

"नाय गो बाय."

"टाचेला घासतंय? गरम होतंय आत?"

"कायेक नाय."

ओढ्यात तिने त्यांना मुद्दाम पाण्यात उभं केलं. पाणी आत शिरलं की सांगा म्हणाली. काका खाली बघत राहिले. जाळीतून बुडबुडे वर आले तेव्हा म्हणाले, इला वाटता. मी ते ऐकलं आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पुढे मुरमाचा घसारा लागला. सुटे खडे पायाखालून सरकत होते, माझ्याही बुटात दोन वेळा खडा गेला आणि मी थांबून काढला. काका थांबले नाहीत. पूर्वी ते चढताना मान वर ठेवायचे, पक्षी दाखवायचे, मागच्यांची चेष्टा करायचे. आज त्यांची नजर पायांवरून हलत नव्हती. प्रत्येक पाऊल आधी डोळ्याने ठेवायचे आणि मग त्याच्यावर भार द्यायचे. बऱ्याच दिवसांनी चढतायत म्हणून असेल असं मला वाटलं. मुलगी खूश होती. मला म्हणाली, "असा टेस्टर जन्मात मिळणार नाही रे. कुठेच काही प्रॉब्लेम नाही यांना."

देवीच्या पायऱ्यांपाशी पोचलो. मी सवयीने बूट काढले. तिलाही नियम सांगितला, तिनेही काढले. काका उभेच होते.

"आज ऱ्हवांदे," ते म्हणाले. आज राहू दे.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एकदा एका पोराचा पाय मुरगळला होता तर त्यालाही त्यांनी खांद्याचा आधार देऊन अनवाणी वर नेलं होतं. मला वाटलं वाकता येत नसेल. मी त्यांना पायरीवर बसवलं आणि नाडी सोडायला लागलो. या वेळी त्यांनी हात बाजूला केला नाही. दुसरीकडे बघत राहिले.

उजवा बूट निघाला तेव्हा मोजा पुढून काळपट ओला होता. मला आधी ओढ्याचं पाणी वाटलं. मोजा तळव्याला फाटला होता. मी तो काढला. अंगठ्याच्या खालच्या मांसात एक खडा रुतून बसला होता, फुटाण्याएवढा, काळ्या दगडाचा, एका बाजूने धारदार. घसाऱ्यावर नाड्यांखालच्या जिभेच्या बाजूने आत गेला असणार. तिथून वरपर्यंत ते त्याच्यावर चालत आले होते.

काकांनी पायाकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाच्या पायाकडे पाहावं तसं.

"माका कळूकच नाय," ते म्हणाले.

मुलगी खाली बसली. तिच्या सॅकमध्ये औषधाची पेटी होती, तिने जखम धुतली, औषध लावलं. औषध झोंबणारं होतं. काकांनी पाय जरासुद्धा मागे घेतला नाही, आणि ते बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काका हळूहळू सांगायला लागले. साखर होती, बरीच वर्षं. तळव्यांची जाणीव गेल्याला दोन वर्षं होत आली होती. खोलीत फरशी थंड आहे की गरम हे कळेनासं झालं तेव्हाच त्यांनी ओळखलं. वॉर्डात त्यांचं काम ड्रेसिंगच्या वेळी रुग्णाचा पाय धरून ठेवायचं होतं. ओरडणाऱ्या रुग्णाची त्यांना कधी भीती वाटली नाही. पाय धरलाय आणि माणूस शांतपणे छताकडे बघतोय, असं दिसलं की मात्र ते घाबरायचे. त्या पायांचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून दाखवायला गेले नाहीत. गेलो असतो तर चालणं बंद केलं असतं, म्हणाले.

मी विचारलं, "मग आज कित्याक इलात?"

"तू बोलवलंस म्हणान इलंय." पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "आणि माका एकदा वर येवचा होता."

मला म्हणाले, तू जाऊन ये, माझ्या वतीने. मी अनवाणी पायऱ्या चढून गेलो. खडी पायांना टोचत होती, ऊन तापलं होतं, आणि मला प्रत्येक खडा कळत होता. देवीपुढे काय मागावं हे सुचलं नाही. नुसता उभा राहिलो आणि परत आलो.

उतरताना जागोजागी बसत बसत आलो. जिथे बसू तिथे मी त्यांचे दोन्ही बूट काढायचो, उलटे करून झटकायचो, आत हात फिरवायचो. पायथ्याला गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, बूट नवे आहेत काय, फार जपताय. काका त्याला म्हणाले, "पोराच्या कंपनीचे आसत."

जखम भरली नाही. त्यांच्याच जुन्या इस्पितळात नेलं. वॉर्डातली जुनी माणसं त्यांना ओळखत होती, तीच त्यांचा पाय धरायला होती. काका छताकडे बघत पडायचे. मी बाहेर थांबायचो, कारण मला ते बघवत नव्हतं. डॉक्टरांनी नीट प्रयत्न केले, तरी अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. दिवाळी इस्पितळातच गेली. खोली रिकामी करताना ते नव्हते. त्यांची पेटी मी माझ्याकडे आणली. त्यांच्या खुंटीवर कॅनव्हासचे बूट नाड्यांनी टांगलेले होते, तेही पेटीत घातले. नंतर त्यांचा मुलगा येऊन त्यांना गावाला घेऊन गेला.

कचेरीत त्या दिवसाची सगळी उत्तरं मुलीने रद्द केली. साहेबांना सगळं सांगितलं आणि साचा पुन्हा टेबलावर घेतला.

गावाला फोन केला की काकी उचलतात. काका ओटीवर बसलेले असतात, म्हणतात. बोलायला येत नाहीत. म्हणून मी परवा रविवारी पत्र लिहिलं आणि सोमवारी लालबागच्या पोस्टातून पाठवलं. ते असं:

ती. काकांस सा. न.

पत्र पुस्तकातल्या मराठीत लिहीत आहे, म्हणजे तुम्हाला नावं ठेवता येणार नाहीत.

चाळ पाडली. मी बघायला गेलो होतो. आमच्या खिडकीची चौकट शेवटपर्यंत उभी होती.

बूट तयार झाला. त्याची जीभ आता दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे, त्यामुळे खडा आत जायला वाट राहिली नाही. दादरच्या मुलीने ते केलं. कचेरीत कोणी विचारलं की ती सांगते, आमच्या काकांनी हे दाखवलं. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

पार्सलात एक जोड पाठवत आहे. उजव्या बुटात पुढे मऊ भर घालून घेतली आहे, जिथे बोटं नाहीत तिथे. तुम्ही चालावं असा माझा हट्ट नाही. ओटीवरून खळ्यापर्यंत आलात तरी मला पुरे. नाहीतर नुसते जवळ ठेवा.

पण घालणार असाल तर आधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवून बघा. संध्याकाळी काकींना दोन्ही तळवे बघायला सांगा. त्यांना सांगायला लाजू नका. माझ्यासाठी तुम्ही कॉलेजच्या खिडकीपाशी लाजला नव्हतात.

तुम्ही वर आलात ते मी बोलावलं म्हणून, असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते कुठे ठेवावं हे मला कळत नाही.

गेल्या महिन्यात मी एकटाच त्या किल्ल्यावर जाऊन आलो. पायऱ्यांपाशी बूट काढले. तुम्ही बसला होतात त्या पायरीवर थोडा वेळ बसलो, मग वर गेलो. तुमच्या वतीनेही गेलो.

उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल. मी दर रविवारी लिहीन. वाचायला चष्मा पुरत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, ओटीवर, चार माणसांत.

तुमचा,
खिडकीजवळच्या कोपऱ्यातला