सटवाईचा दिवा आणि झुलालनानाचं पॅकिंग

पडदा वर जातो तो पिंपळनेरजवळच्या एका लहानशा दवाखान्याच्या ओसरीवर. पौषातली सकाळ, साल एकाहत्तर. समोर सागाची पानं दवानं ओली. उजव्या हाताला बाळंतिणींची ऊबदार खोली, डाव्या हाताला बॉयलरचं पत्र्याचं खोपट, आणि दोघांच्या मधून छताखालून जाणारा एक जाड काळा पाइप. तो पाइप कुणा परदेशी पाद्र्यानं कधीकाळी बसवून घेतलेला. पाद्री गेला, पाइप राहिला. दर हिवाळ्यात त्यातून हलकी वाफ खोलीत भिंतीलगत बसवलेल्या पोकळ लोखंडी फासळ्यांमध्ये जायची, आणि कमी दिवसांची, कमी वजनाची पोरं त्या उबेत तगायची.

आज फासळ्या गार होत्या. पाइप जिथे खोलीकडे वळतो तिथला जोड आदल्या दिवसापासून फुसफुसत होता. वाफ निम्म्या वाटेतच संपत होती.

भागाबाई नर्स दारात उभी होती. तिच्या मागे खोलीत, कापसात गुंडाळलेलं, मांजराच्या पिलाएवढं एक पोर होतं. गरम पाण्याच्या बाटल्या बदलून बदलून तिचे हात लाल झाले होते, तरी पोराचे पाय गारच. रडणंही थांबलं होतं त्याचं. त्याची आजी, झुंबरबाई, ओसरीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

धुळ्याची पहिली गाडी आली आणि आदल्या दिवशी निरोप धाडून बोलावलेला झुलालनाना उतरला.

काय तो प्रवेश! डोक्याला गुलाबी फेटा, मिशा पिळलेल्या, खांद्यावर मेणकापडाची पिशवी, आणि फाटकापासूनच खणखणीत आवाज. धुळ्याच्या एका मिलच्या बॉयलरवर त्याची उमर गेली होती. नम्रता हा गुण त्याच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

"भागाबाई! कोन्ही हात लाया व्हता या जोडले?"

"गेल्या साली एक जण यायचा, नाना. गळायला लागलं की तो बोल्ट आवळून जायचा."

"आवळी आवळी मारी टाकं त्यानी," नाना म्हणाला आणि स्टुलावर चढला.

जोड म्हणजे बिडाच्या दोन जाड चकत्या, एकीला या बाजूचा पाइप, दुसरीला त्या बाजूचा, आणि दोघींना बांधणारे चार बोल्ट. मधे चपटं पॅकिंग, वाफ बाहेर येऊ नये म्हणून. नानानं बोल्ट सोडले, जुनं पॅकिंग खरवडून काढलं, चकतीवरून अंगठा फिरवला. फिरवता फिरवता एका बोल्टाच्या भोकापाशी अंगठा थांबला. बोल्ट धरणाऱ्या तिथल्या कानाला केसाएवढी चीर होती.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "हाऊ कान तुटना ते बठ्ठं संपनं. अशी चकती आते मुंबईले बी भेटाव नही."

भागाबाईनं खोलीकडे पाहिलं. आत पोर गार पडत चाललंय, हे नानाला त्या नजरेतूनच कळलं.

नानानं पिशवीतून डबा काढला. डब्यात पीठ! ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. पाणी घालून त्यानं घट्ट गोळा मळला, हातावर थापला आणि चकत्यांच्या मधे ठेवला. बोल्ट इतक्या हलक्या हातानं फिरवले की फुलाची गाठ मारतोय असं वाटावं. मग सोडले. पिठाची चपटी भाकरी अलगद बाहेर आली. तिच्यावर जुन्या लोखंडाचा चेहरा उमटला होता. गंजानं खाल्लेले खड्डे, आवळून वाकलेली कड, सगळं. कुठे पीठ पातळ, कुठे जाड. जेवढं जाड, तेवढी तिथे फट. ती भरून काढील असं पॅकिंग निवडायचं.

"एकच डाव दाबता येस," नाना म्हणाला. "दुसऱ्या डावले कान जाई." भाकरी कठड्यावर ठेवून तो सुरी घासायला विहिरीवर गेला.

भागाबाई बाटल्या भरायला आत गेली.

दोघं परतले तेव्हा कठड्यावर भाकरी नव्हती. एक दिवा होता. पोराची पाचवी होती. डोकं वर केल्यावर कठड्यावर पीठ मळून ठेवलेलं पाहून झुंबरबाईला वाटलं, सटवाईची तयारी कुणीतरी केलीय, फक्त दिवा करायचा राहिलाय. तिनं कडा वर वळवल्या, अंगठ्यानं खळगा केला, वर हळदीकुंकू वाहिलं आणि आता फडक्याची वात वळत होती.

"काय करं व माय तू!" नाना असा गरजला की बॉयलरवाला मगन खोपटातून धावत आला. "मनं माप मोडी टाकं!"

"माप?" झुंबरबाई घाबरली नाही. "देवीना दिवा शे तो. तुले मोजाले पाइप कमी पडना का?"

मगनला हसू आवरेना. भागाबाईला मात्र रडू येत होतं. पुन्हा पीठ मळता आलं असतं, पुन्हा दाबता येणार नव्हतं.

नानानं दिवा उचलला. ओरडणं गिळून त्यानं तो उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. म्हातारीनं वरूनच दाबलं होतं. बुडाला लोखंडाचे खड्डे जसेच्या तसे होते. फक्त वर वळवलेल्या कडांची खूण गेली होती.

त्यानं दिवा हळूच परत ठेवला आणि स्टुलावर चढून डोळे मिटले. चकतीच्या कडेवरून एक बोट फिरू लागलं. ओठ हलत होते.  झुंबरबाईचे वात वळणारे हात थांबले. भागाबाईनं मोठमोठ्या डॉक्टरांना पोटावर हात ठेवून आतलं मूल ओळखताना पाहिलं होतं. हे तसंच होतं. 

"तांबडं रबर," डोळे न उघडता नाना म्हणाला. "कापडना थर आसनारं. जाड."

पिशवीत कडक काळं पॅकिंगही होतं, ते त्यानं बाजूला सारलं. खड्ड्यांत शिरण्याइतकं ते मऊ नव्हतं, आणि मऊ नाही म्हणून जास्त आवळावं लागलं असतं. तांबड्या रबराचा त्यानं चकतीएवढा पूर्ण गोल कापला, मधे वाफेसाठी आणि कडेला बोल्टांसाठी भोकं पाडली.

"एवढं मोठं?" भागाबाईनं विचारलं. "आधीचं तर बांगडीएवढं होतं."

"म्हनीसन ते कान चिरना. मधमा बांगडी आनि कडले पोकळ. आवळं का कड वाकस. बिडले वाकता येत नही, माय. ते तुटस."

दोन्ही बाजूंना पेन्सिलीत असतं त्या काळ्या शिशाची भुकटी चोळून त्यानं पॅकिंग बसवलं. पुढे कधी कुणी जोड उघडला तर रबर चिकटून बसू नये म्हणून. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे.  चिरलेल्या कानापाशी नानानं पाना फिरवला, थांबला, आणि हात काढून घेतला.

"मगन, येऊ दे. हळू."

पाइपात टकटक झाली. कुणीतरी लांबून चालत येतंय अशी. जोडापर्यंत आली, जोड ओलांडून गेली. नानानं तिथे तळहात धरला. कोरडा. आतल्या लोखंडी फासळ्या कुरकुरल्या, आणि थोड्या वेळानं त्यांच्यावर सुकत घातलेल्या दुपट्यातून ऊन कापडाचा वास सुटला. भागाबाई पोराजवळ बसून राहिली. दुपार कलताना तिच्या तळव्यात एक पाय हलला. मग तो बारीक, चिडका, नाकातला आवाज आला. रडणं! दवाखानाभर ऐकू गेलं ते.

तो जोड पुन्हा कधी गळला नाही, त्यामुळे नानाला पुन्हा बोलावणं गेलं नाही. भागाबाईनं त्याला पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. फेटा नीट करून, पिशवी खांद्याला लावून तो फाटकापर्यंत गेला. एस्टीचा हॉर्न वाजत होता. तरी तो वळला आणि तिथूनच, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं ओरडला,

"झुंबरबाई, आते लाव तो दिवा! मनं पीठ वाया जावाले नको!"